स्कूबा कुठे शिकायचं ते नंतर बघू, कोणाकडे आणि किती दिवस ते आधी ठरवा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. वय ४१, मुलगी १२ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला दोघींनी स्कूबा केलं आणि तेव्हापासून लेक मागे लागलीये की आपण हे नीट शिकूया. ताईंना पोहता येतं पण पाय टेकत नाहीत अशा पाण्यात धडधडायला लागतं. गोव्यात एकाने ३ दिवसांत कोर्स करून देतो म्हणून सांगितलंय, अंदमान महाग वाटतंय, आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणते थायलंडलाच जा, तिकडे स्वस्त पडतं. शिवाय स्कूबाचं कार्ड देणाऱ्या दोन संस्थांपैकी पॅडी घ्यायचं की एसएसआय हेही विचारलंय.

ताई, मी १६ वर्षं हेच काम करतोय. सुरुवात मालवणात, मग अंदमानात बरेच सीझन काढले, आता मुंबईत पूलवर शिकवतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात स्टुडंट्सना घेऊन समुद्रावर जातो. तर जे डोळ्यांनी बघितलंय तेच सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मालवणात तुम्ही जे केलंत ते काय होतं ते समजून घ्या. त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. तुमच्या पाठीमागे एक मुलगा होता, त्याने तुमच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरला होता. जॅकेटमध्ये हवा किती भरायची, किती खाली जायचं, कुठे वळायचं, वर कधी यायचं, हे सगळं तोच करत होता आणि तुम्ही फक्त तोंडाने श्वास घेत होतात. यात काही वाईट नाही, मालवणची पोरं समुद्रात वाढलेली आहेत आणि त्यातली कित्येक पाण्याखाली माझ्यापेक्षा शांत असतात. पण गाडीत मागे बसून आंबोलीला जाऊन आल्यावर आपल्याला घाटात गाडी चालवता येते असं होत नाही ना, तसंच हे आहे. ओपन वॉटर म्हणजे कार्ड मिळवायचा पहिला कोर्स, त्यात मागचा तो मुलगा जे जे करत होता ते सगळं तुम्ही करायला शिकता, आणि कार्ड मिळालं की १८ मीटरपर्यंत एका बडीबरोबर, म्हणजे जोडीदाराबरोबर, स्वतःच्या जबाबदारीवर डाइव्ह करायची परवानगी मिळते. स्वतःच्या जबाबदारीवर, हा शब्द लक्षात ठेवा कारण कोर्स कसा निवडायचा ते सगळं त्याच्यावरच आहे.

(आणि एक राहूनच जाईल म्हणून इथेच सांगतो. पाण्याखाली हातात ब्रेडचा तुकडा देऊन मासे गोळा करतात आणि व्हिडिओ काढतात, ते पुढच्या वेळी नको म्हणून सांगा. माशांचं ते खाणं नाही, आणि त्या सवयीने ते कोरलवरचं खायचं सोडून माणसांच्या हातामागे लागतात. गिऱ्हाईकच नको म्हणालं तर ते बंद होईल.)

आता मूळ मुद्दा. सगळेजण मला विचारतात कुठल्या समुद्रात शिकू, आणि मी प्रत्येकाला उलट विचारतो की तुम्हाला शिकवणार कोण आणि तो तुम्हाला वेळ किती देणार. कारण कोर्समधलं जे अवघड असतं ते माशांमध्ये नसतंच, ते छातीभर पाण्यात असतं. एक उदाहरण देतो. मागच्या सीझनला माझ्याकडे एक बाई होत्या, शाळेत शिक्षिका, वय तुमच्याच आसपास, पोहणं तुमच्यासारखंच. मास्क क्लिअर करायचं स्किल असतं, म्हणजे मास्कमध्ये पाणी भरू द्यायचं, मग मास्कची वरची कड बोटांनी कपाळावर दाबायची, नजर थोडी वर आणि नाकाने हळू हळू हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. सांगायला एवढंच आहे. पण पाणी नाकाला लागलं की त्या नाकाने श्वास ओढायच्या, ठसका लागायचा आणि त्या ताडकन उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी असं ११ वेळा झालं. दुसऱ्या दिवशी मी मास्कच काढून ठेवला. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवलं, तोंडात फक्त रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा घ्यायचं तोंडात धरायचं यंत्र, चेहरा पाण्यात, डोळे मिटलेले चालतील, आणि तोंडाने आत तोंडाने बाहेर एवढंच, आधी १० सेकंद मग २० मग एक मिनिट. त्या तासात आम्ही दुसरं काही केलं नाही. तासाभराने त्यांच्या बबलचा आवाजच बदलला, आधी तुटक तुटक येत होते ते लांब आणि सारखे यायला लागले, आणि मला तिथेच कळलं की आता जमलं. दीड महिन्याने अंदमानात हॅवलॉकला १२ मीटरवर पुढच्या डायव्हरच्या पायातली फिन लागून त्यांचा मास्क अर्धा सरकला. मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी तो धरला, दाबला, क्लिअर केला आणि मला ओकेची खूण केली. घाबरून वर पळाल्या असत्या तर काय झालं असतं ते खाली लिहितो, पण त्यांचा तो एक तास मी घाईत उडवला असता तर त्या १२ मीटरवरून काय झालं असतं याचा मी अजून विचार करतो.

तर गोव्यातल्या किंवा कुठल्याही माणसाला फोन करून पहिला प्रश्न हा विचारा, की ३ दिवसांत मला नाही जमलं तर काय? चांगला इन्स्ट्रक्टर लगेच सांगेल की मग चौथा दिवस घेऊ, किंवा पूल परत करू, पैसे असे असे लागतील किंवा लागणार नाहीत. जो म्हणेल अहो सगळ्यांना जमतं, टेन्शन नका घेऊ, त्याच्याकडे जाऊ नका. कोर्सचा नियमच असा आहे की स्किल जमलं की पुढे जायचं, दिवस मोजून नाही. समुद्रातल्या किमान ४ डाइव्ह असतात आणि त्या कमीत कमी २ दिवसांत करायच्या असतात, त्याच्या आधी पूल किंवा शांत उथळ पाणी. थिअरी आता घरी मोबाइलवर करता येते म्हणून ३ दिवसांत बसतं खरं, पण ते तब्येतीने धडधाकट, पाण्याची भीती नसलेल्या माणसाचं गणित आहे. तुमचं तसं नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रश्न, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? पॅडीच्या नियमाने समुद्रात ८ पर्यंत चालतात. मी ४च्या वर घेत नाही आणि गढूळ पाण्यात २. माझा स्वतःचा कोर्स झाला तेव्हा आम्ही ८ जण होतो आणि एकच सर. दुसऱ्या डाइव्हला माझा डावा कान मोकळा होत नव्हता, मी कानाकडे बोट दाखवलं, सर बाकीच्या सातांमध्ये अडकलेले, त्यांनी खाली या म्हणून खूण केली आणि मी गेलो. वर आलो तेव्हा नाकातून रक्त आणि कानात शिट्टी. पुढचे दोन महिने पाण्यात उतरता आलं नाही. त्या सेंटरचं नाव घेत नाही, सर माणूस म्हणून चांगलेच होते, पण आठ जणांचे सोळा कान एका माणसाला बघता येत नाहीत हे मी तिथे शिकलो.

कानाचं जरा नीट सांगतो कारण तुमची जी धडधड आहे त्यातली निम्मी कानामुळे असते असा माझा अनुभव आहे. पाण्यात १० मीटर गेलं की दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा निम्म्यावर येते. २० मीटरवर ती एक तृतीयांश होते. म्हणजे सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो, खोल गेल्यावर उलट सोपं होत जातं. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं किंवा आवंढा गिळायचा ते दुखायच्या आधी, अगदी पृष्ठभागावरच सुरू करायचं आणि प्रत्येक हातभर खाली गेलं की परत. दुखलं की थोडं वर यायचं, परत करायचं, नाहीच झालं तर डाइव्ह सोडून द्यायची. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही, गोळी खाऊन तर मुळीच नाही, गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना पंचाईत होते.

आणि घाबरून वर पळाल्यावर काय होतं? १० मीटरवर घेतलेला पूर्ण श्वास तसाच कोंडून वर आलात तर वर त्याची जागा दुप्पट होते, फुफ्फुस तेवढं ताणलं जात नाही, फाटतं. त्यासाठी खोलही जावं लागत नाही, भरलेल्या छातीने दीड मीटरवरूनही इजा होऊ शकते, म्हणजे पूलमध्येसुद्धा. म्हणून पहिला नियम, श्वास कधीच कोंडायचा नाही, आणि वर यायचं ते हळू, मी मिनिटाला ९ मीटरच्या वर जाऊ देत नाही, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून मगच वर. हे सगळं डोक्याला कळणं पाच मिनिटांचं काम आहे, पण मास्कमध्ये पाणी गेल्यावर अंगाला आठवलं पाहिजे, त्याला वेळ द्यावा लागतो.

फोनवर अजून काय विचारायचं? पूलमध्ये शिकवणारा आणि समुद्रात नेणारा माणूस एकच आहे का. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो का, आणि काही झालं तर जवळचं रिकंप्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हिंगच्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली, कुठे, हे विचारल्यावर समोरचा अडखळला तर समजून जा. मेडिकल फॉर्म भरून घेतात का हेही बघा, जिथे फॉर्म न देता नुसती सही मागतात तिथून सरळ निघा. बोटीत बसल्या बसल्या लाइफ जॅकेट द्यायला हवं, मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, पाण्याखाली सगळं सुखरूप होऊनही बोटीवर बेसावध राहून चालत नाही. आणि भाषा विचारा. हसू नका, हे फार महत्त्वाचं आहे. इंग्रजी तुम्हाला उत्तम येत असेल पण भीती मराठीतच वाटते, आणि "ताई, काही नाही, माझ्याकडे बघा, श्वास सोडा" हे आपल्या भाषेत ऐकलं की माणूस लवकर शांत होतो, मी शेकडो वेळा बघितलंय.

पॅडी की एसएसआय, यावर वेळ घालवू नका. दोन्हींचा ओपन वॉटर १८ मीटरचाच, दोन्ही कार्डं जगभर चालतात, शिकवायचं तेच. ज्या इन्स्ट्रक्टरवर विश्वास बसेल त्याच्याकडे जे असेल ते घ्या.

आता जागा. गोव्यात डाइव्हिंग मुख्यतः ग्रँड आयलंडच्या आसपास चालतं, ऑक्टोबर ते मे. पाणी बऱ्याचदा हिरवट, कधी ५ मीटर दिसतं कधी तेवढंही नाही. तिथे चांगले इन्स्ट्रक्टर आहेत, आणि गढूळ पाण्यात शिकलेला माणूस पुढे कुठेही तरतो हेही खरं, पण ज्याला मुळात धडधडतं त्याला पहिल्याच डाइव्हला समोरचा माणूस धूसर दिसणं मी सुचवणार नाही. मालवणात फक्त ट्राय डाइव्हच होते असं नाही, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, तिथे ट्रेनिंगसाठी पूल आहे आणि कोर्सही होतात, आपली माणसं, आपली भाषा. समुद्र मात्र लहरी, डिसेंबर-जानेवारीत एखादा आठवडा काचेसारखा आणि पुढच्या आठवड्यात काही दिसत नाही. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट, कर्नाटकात, आपल्या किनाऱ्यापासून जवळ आणि पाणी यापेक्षा पुष्कळ स्वच्छ, पण बोटीचा प्रवास बराच आहे आणि बेटाजवळ खोल पाण्यात उतरावं लागतं, कार्ड मिळाल्यावर पहिल्या ट्रिपला उत्तम. लक्षद्वीप सुंदर आहे पण परमिट, जहाज, तारखा हे सगळं जुळवण्यात कोर्सचा जीव जातो.

अंदमानात हॅवलॉक, आता स्वराज द्वीप म्हणतात, तिथे शिकायला का बरं वाटतं सांगतो. किनाऱ्याजवळ उथळ, शांत, वाळूचा तळ असलेल्या जागा आहेत, नेमो रीफसारख्या, तिथे चालत चालत पाण्यात जाता येतं. पायाखाली वाळू लागते, मग गुडघे, मग तरंगणं, आणि वळून बघितलं की किनारा दिसतो. तुमच्यासारख्या माणसाला हे सोन्यासारखं आहे. पाणी २७ ते ३० अंश, मार्च-एप्रिलमध्ये समुद्र सहसा सपाट असतो. कोर्सचे पैसे साधारण २५ ते ४० हजारांच्या मध्ये कुठेतरी, सेंटरप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, वर विमान आणि फेरी. महाग आहे हे मान्य.

थायलंडचं म्हणाल तर मैत्रीण म्हणते ते कोह ताओ बेट असणार. तिकडे वर्षाला प्रचंड संख्येने लोक शिकतात, त्यामुळे स्वस्त, सामान चांगलं, पाणी चांगलं. वाईट काही नाही, माझे कितीतरी मित्र तिथे शिकलेत. पण तिकडचा कारभार वेगात चालतो, बॅच मोठ्या, विशीतली बॅकपॅकवाली पोरं, आणि त्या पोरांच्या वेगाने तुम्हाला आणि १२ वर्षांच्या मुलीला पळावं लागेल. त्यातून कोर्सचे वाचलेले पैसे तिकिटात जातातच.

माझा सल्ला असा आहे. कोर्स दोन तुकड्यांत करा. थिअरी घरी. पूलचा भाग मुंबईत किंवा पुण्यात, दोन शनिवार-रविवार, नाशिकहून जाऊन येऊन होतं, मध्ये एक आठवडा गेला की शरीर आपोआप मुरवतं. मग समुद्रातल्या ४ डाइव्ह सुट्टी लागल्यावर एप्रिलमध्ये अंदमानात, आणि तिकडे ४ डाइव्हसाठी ३ दिवस मोकळे ठेवा, २ नको. पूल एकीकडे आणि समुद्र दुसरीकडे करायची रीतसर सोय असते, रेफरल म्हणतात, पूलवाला कागद देतो, आधीच दोन्हीकडे बोलून घ्या. मुंबईचाच इन्स्ट्रक्टर बॅच घेऊन अंदमानला जाणारा मिळाला तर त्याहून बरं, माणूस तोच राहतो.

त्याच्या आधी आजपासून एक काम. कोर्सला २०० मीटर न थांबता पोहावं लागतं, वेगाची अट नाही, आणि १० मिनिटं कशालाही न धरता तरंगावं लागतं. तुम्हाला २०० मीटर जमेल, अडचण त्या १० मिनिटांची आहे. नाशिकच्या सावरकर जलतरण तलावावर खोल बाजूला, काठापासून हातभर अंतरावर, लाइफगार्डला सांगून पाठीवर तरंगत रहा. पहिल्या दिवशी २ मिनिटं. रोज एक मिनिट वाढवा. महिन्याभरात तुमची धडधड किती उरते ते मला कळवा, मला खरंच ऐकायला आवडेल.

मेडिकल फॉर्म आत्ताच मागवून घ्या, बुकिंगच्या आधी. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट्स, हृदयाचं काही, फुफ्फुसाचा जुना त्रास, यातलं काहीही हो असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि बुकिंग वाचवायला फॉर्मवर खोटं 'नाही' अजिबात लिहू नका. लेकीला लहानपणी बाळदमा होता का, पंप घेतला होता का, तेही आठवून लिहा. दोघींनी एकदा कान-नाक-घसावाल्याकडे जाऊन कान बघून घ्या.

लेकीचं सांगतो. १२व्या वर्षी तिला ज्युनिअर कार्ड मिळतं, १५ वर्षांची होईपर्यंत तिने कार्ड असलेल्या मोठ्या माणसाबरोबरच डाइव्ह करायची. कागदावर तो मोठा माणूस म्हणजे तुम्ही चालता. पण तुम्ही स्वतः नवीन असताना पाण्याखाली आई म्हणून तिच्याकडे बघणार की स्वतःच्या हवेकडे? पहिल्या २०-२५ डाइव्ह दोघींबरोबर डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखाली सोबत नेणारा अनुभवी माणूस, घ्याच, पैसे पडले तरी. आणि कोर्सच्या वेळी तिला स्वतःला नको वाटलं एखाद्या दिवशी तर विषय तिथे संपला पाहिजे, एवढा खर्च केलाय हे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका. मुलं आईबापाचं मन मोडायला नको म्हणून पाण्याखाली ओके करतात, डोळे मात्र वेगळंच सांगत असतात.

परतीचं प्लॅनिंग. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास, मी पूर्ण दिवस सोडायला लावतो. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे धरतात. आपल्याकडे लोक विसरतात ते म्हणजे घाट. मालवणात सकाळी डाइव्ह करून दुपारी आंबोली चढतात, आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे, नाशिक स्वतःच ६०० च्या जवळपास. पुढे कधी मालवण-गोव्याला गेलात तर डाइव्ह आधी, आणि शेवटचा दिवस किल्ला, मासे, मंदिर, झोप यासाठी ठेवा.

सामान विकत घेऊ नका, सेंटर देतं. फक्त मास्क दोघींनी आपापला घ्या, कारण गळणारा मास्क हा नवशिक्याला सगळ्यात जास्त छळतो. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, केस बाजूला घ्यायचे, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही महाग आणि सुंदर असला तरी परत ठेवा. लेकीला मोठ्यांचा मास्क पुढे होईल म्हणून घेऊ नका, आत्ता बसतो तोच घ्या, आणि नवीन मास्कच्या काचेला आतून टूथपेस्ट लावून दोन-तीनदा चोळून धुवा, नाहीतर पहिल्याच डाइव्हला धुकं धरतं आणि ती बिचारी काही दिसत नाही म्हणून घाबरते.